अल ऐनचे बुरूज बघायचे तर आधी पाणी शोधा

दुबई-शारजातली आपली मंडळी थंडीत अबुधाबी अमिरातीतल्या अल ऐन शहरात जातात, जाहिली किल्ल्याच्या गोल बुरुजापुढे फोटो काढतात आणि जबल हफीत डोंगराचा घाट चढायला निघतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की अख्खा दिवस काढा आणि किल्ल्याआधी खजुराच्या बागेत शिरा. बुरूज कशाच्या राखणीला उभा आहे, ते तिथेच कळतं.

सकाळी लवकर अल ऐन ओॲसिस, म्हणजे वाळवंटातली पाण्याची हिरवी जागा, गाठा. सुमारे 1,200 हेक्टरांची ही बाग, खजुराची झाडं लाखाच्या वर. मातीच्या भिंतींमधल्या बोळांतून पायीच फिरा आणि वाहत्या पाण्याचा आवाज येईल तिकडे वळा. तो 'फलज'. लांबच्या झऱ्याचं, विहिरीचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून केवळ उताराच्या जोरावर इथवर आणायचं, मग पाटांनी वाफ्यांत सोडायचं. पाण्याच्या पाळ्या वेळेवर ठरलेल्या असत. आपल्याकडची बारी आठवतेच. वाफे खाजगी आहेत, आत पाय टाकू नका.

मग जाहिली. अबुधाबीचे शासक पहिले शेख झायेद यांनी 1891च्या सुमारास बांधायला घेतला, 1898ला पुरा झाला. हेतू दोन: खजुरांची राखण आणि किनाऱ्यावरच्या दमट उन्हाळ्यातून सुटका. वर लहान होत जाणारे गोल थर असलेला तो प्रसिद्ध बुरूज मुख्य चौकोनी तटाच्या बाहेर, स्वतंत्र उभा आहे, हे आधी नीट बघून घ्या. 1950च्या दशकात ट्रूशियल ओमान स्काउट्स या ब्रिटिशांनी उभारलेल्या दलाचा तळही इथेच होता.

सह्याद्रीतले किल्ले पालथे घालणाऱ्यांनी तटातल्या जंग्यांपाशी, म्हणजे बंदुकीसाठी ठेवलेल्या फटींपाशी, थांबावं. जिथे आतून बघता येतं, तिथे डोळा लावा: बाहेरून बोटभर फट, आतून भिंत ऐसपैस कोरलेली, म्हणजे बंदूक डावी-उजवीकडे वळते आणि बाहेरच्याला नेम सापडत नाही. कोणती जंगी कुठे रोखलेली आहे हे बघत तटाकडेने चाला. मला किल्ला बघण्यातला सगळ्यात मोठा आनंद इथेच मिळतो.

बांधकाम कच्च्या विटांचं, वरून मातीचा गिलावा. छताला खजुराच्या खोडांचे वासे, त्यावर झावळ्यांच्या चटया आणि माती. मी खानदेशातला, गढीच्या सावलीत वाढलेला, त्यामुळे हे काम ओळखीचं वाटतं. अशी भिंत पावसाने झिजते, तिला पुन्हापुन्हा लिंपावं लागतं. म्हणून टेकू नका, मुलांना चढू देऊ नका.

वेळ उरला तर अल ऐन संग्रहालयाशेजारचा 1910चा सुलतान बिन झायेद किल्ला बघा. तिथला पसारा आटोपशीर आहे, तासाभरात होतो. हिली हे पुरातत्त्वीय स्थळ मात्र चुकवू नका. तिथल्या उत्खननात कांस्ययुगातल्या मातीच्या विटांच्या गोल बुरुजांचे पाये सापडले, आणि बुरुजाच्या ऐन मध्यावर विहीर! साडेचार हजार वर्षांपूर्वीच माणसं इथे पाण्याभोवती तट घालत होती. युनेस्कोने 2011 साली हिली, हफीत आणि ओॲसिस हे सगळं मिळून जागतिक वारसा ठरवलं, ते योग्यच झालं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. उघडण्याच्या वेळा आदल्या दिवशी बघा. जाहिलीच्या बाहेरच्या भिंती बघायला दुपारी चारनंतर या, तिरप्या उन्हात गिलाव्यावरचे हाताचे फराटेसुद्धा दिसतात.