कुत्र्याचे जंत लेकरांपर्यंत पोहोचू नयेत म्हणून काय करावं

खान्देशात कुत्रं घरापेक्षा अंगणात, खळ्यात आणि मळ्यात जास्त वावरतं. लेकरंही तिथंच खेळतात. म्हणून आधी अंगण सांभाळा.

विष्ठा रोजच्या रोज उचला. टॉक्सोकारा या गोल जंताची अंडी विष्ठेतून पडल्या पडल्या लागण करत नाहीत. मातीत साधारण 2 ते 4 आठवडे राहिली की ती घातक होतात, आणि मग वर्षानुवर्षं टिकू शकतात. त्याच दिवशी फावड्याने उचलून खोल पुरलंत तर निम्मी लढाई जिंकलात. उकिरड्यावर मात्र टाकू नका, तेच खत पुढे भाजीच्या वाफ्यात जातं. काम झालं की हात साबणाने धुवा.

मग औषध. "पिल्लू अजून लहान आहे, नंतर बघू" हे चालत नाही, कारण त्याला जंत आईच्या पोटातच लागलेले असू शकतात. वयाच्या 2, 4, 6 आणि 8 आठवड्यांना, पुढे 6 महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला आणि नंतर दर 3 महिन्यांनी जंतनाशक द्या. पिल्लांच्या आईलाही द्या. मात्रा वजनावर ठरते, म्हणून पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारूनच. गुरांसाठी आणलेलं औषध अंदाजाने कुत्र्याला पाजू नका, जिवावर बेतू शकतं.

बोकड कापला की पाण्याच्या फोडांची कलेजी, फुप्फुसं कुत्र्यापुढे कधीच टाकू नका. त्यातून कुत्र्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी, म्हणजे पट्टीसारखे चपटे जंत, वाढतात. त्यांची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात तसेच फोड होतात आणि कधी ऑपरेशनची वेळ येते. मेंढरांच्या वाड्यावर तर हे फार जपायला हवं. असे अवयव पुरा किंवा जाळा.

पिसवांचाही बंदोबस्त करा, त्यांच्यातूनही एक पट्टकृमी पसरतो.

ओल्या मातीत अनवाणी फिरू नका. अंकुशकृमी या कुत्र्याच्या आणखी एका जंताच्या अळ्या कातडीतून शिरतात आणि खाजरी, वेडीवाकडी लाल रेघ उमटते. भरताबरोबरची कांद्याची पात, मुळा वाहत्या पाण्यात नीट चोळून धुवा.

शाळेत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी माणसांच्या जंतांसाठी असते, तिच्यावर विसंबू नका. लेकराला बरेच दिवस ताप, पोटदुखी असेल किंवा एका डोळ्याने कमी दिसू लागलं, तर लगेच डॉक्टरांकडे न्या आणि घरात कुत्रं आहे हे आवर्जून सांगा. टॉक्सोकाराची अंडी माणसाच्या शौचाच्या तपासणीत सापडत नाहीत, त्यासाठी रक्त तपासावं लागतं.