संगणकाची जोडसाधने घेण्यापूर्वी: कोकणातल्या घरासाठी आणि छोट्या कार्यालयासाठी तयारीची यादी

मॉनिटर, कीबोर्ड, प्रिंटर यांच्या किमती काढत बसण्याआधी टेबल ज्या भिंतीशी लागणार आहे, तिथल्या प्लगचे अर्थिंग तपासून घ्यावे. गेल्या खेपेस नेमके तेवढेच राहून गेले आणि वळवाच्या पहिल्याच गडगडाटात राउटर व प्रिंटर दोन्ही गेले. सर्ज प्रोटेक्टर लावलेला होता. परंतु तो जादा दाब जमिनीकडे वळवतो, आणि जमिनीपर्यंतची वाटच नसेल तर त्याचा फारसा उपयोग उरत नाही. रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत पुष्कळ घरे जांभ्यावर उभी आहेत. हा जांभा उन्हाळ्यात कोरडा पडला की अर्थिंगचा रोध वाढतो, आणि विजा तर त्याच सुमारास, मृगाच्या आधी कडाडू लागतात. म्हणून जुलैत केलेल्या मोजणीवर विसंबू नये; ती मे महिन्यात, अर्थ टेस्टर बाळगणाऱ्या वायरमनकडूनच करून घ्यावी. तिसऱ्या पिनेला न्यूट्रलचीच तार जोडून ‘अर्थिंग झाले’ असे कोणी सांगत असेल, तर ते मुळीच ऐकू नये. न्यूट्रल कुठे तुटली तर यंत्राच्या पत्र्यात वीज उतरते आणि माणूस दगावतो. मल्टीमीटरवर ही लबाडी कळत नाही, त्यामुळे बोर्ड उघडून तार डोळ्यांनी पाहावी.

अर्थिंग झाल्यावरच यूपीएसचा, म्हणजे वीज गेल्यावर थोडा वेळ बॅटरीवर यंत्र चालू ठेवणाऱ्या खोक्याचा, विचार करावा. खोक्यावरचा व्हीए आकडा म्हणजे वॅट नव्हेत. ६०० व्हीएचा साधा यूपीएस बहुधा ३६० वॅटच पेलतो. संगणक, मॉनिटर आणि राउटर एवढ्यांना तो पुरतो, पण काम जतन करून यंत्र बंद करण्यापुरताच. दिवसभर वीज जाणाऱ्या गावात इन्व्हर्टर लागतोच. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नये, कारण शाईची भुकटी कागदावर वितळवणारा त्याचा भाग तापताना एकदम फार वीज ओढतो. फायबरच्या काचेच्या तारेतून विजेचा झटका येत नाही, मात्र राउटरपासून निघणारी तांब्याची लॅन केबल तो आणू शकते. गडगडाट सुरू होण्यापूर्वीच प्लग आणि लॅन केबल दोन्ही काढावीत. जवळ वीज पडली तर उत्तम अर्थिंगही सगळे वाचवेल असे नाही. म्हणून अर्थिंगची हयगय करावी, असाही याचा अर्थ नव्हे.

प्रिंटर निवडताना दमट हवेचा विचार आधी करावा. कागदांचे उघडे रीम पावसाळ्यात ओल धरते आणि कागद आत अडकू लागतात. रीम झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि लागतील तेवढीच पाने बाहेर काढावीत. इंकजेटची शाई वापराविना छिद्रांत सुकते, तेव्हा ज्या कार्यालयात महिन्यात चार पाने निघतात तिथे, रंगीत छपाईची गरज नसेल तर, काळ्या भुकटीचा लेझरच बरा. घरी मुलांच्या शाळेचे रंगीत कागद सतत निघत असतील, तर टाकीचा इंकजेट घ्यावा व आठवड्याला एखादे रंगीत पान काढत राहावे.

मॉनिटर लेखाकामाला २४ इंची फुल एचडी पुरतो; संगणकाला एचडीएमआय जोडणी आहे की जुनी व्हीजीए, ते मात्र आधी पाहावे. कीबोर्ड आणि माऊस तारेचेच घ्यावेत. समुद्रालगत बिनतारी साधनांतल्या सेलच्या पट्ट्यांवर गंज लवकर चढतो. मराठी टंकलेखन करणाऱ्याने इनस्क्रिप्टची, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या कळांच्या मांडणीची, अक्षरे छापलेला कीबोर्ड मागावा. यूएसबी-सीची प्रत्येक केबल मॉनिटर चालवत नाही, काही केवळ चार्जिंगपुरत्या असतात. बॅकअपसाठी बाहेरची हार्ड डिस्क, ती एरवी संगणकाला न जोडता ठेवावी. वेबकॅम, स्पीकर आवडीप्रमाणे.

बिलावर यंत्राचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. हमीपत्रात विजेच्या झटक्याने झालेले नुकसान बहुधा वगळलेले असते, ते पैसे देण्यापूर्वीच वाचावे आणि अर्थिंगची मोजणी अजून झाली नसेल, तर सामान घरी आणले तरी खोकी उघडू नयेत.