सिंथेटिक ऑईल टाकून बदलाचं अंतर वाढवायचंय? आधी एवढी तयारी करा

सगळ्यात आधी गाडीचं मॅन्युअल काढा. इंजिन ऑईलच्या पानावरून तीन गोष्टी उतरवून घ्या: ग्रेड म्हणजे तेलाचा दाटपणा (०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० वगैरे), दर्जा (एपीआय एसपी, एसीईए सी३ किंवा कंपनीचा स्वतःचा मंजुरी क्रमांक) आणि फिल्टरसकट किती लिटर लागतं तो आकडा. त्याच पानाच्या आसपास ‘कठीण परिस्थितीत वापर’ असा एक तक्ता असतो. तो बहुतेक जण वाचतच नाहीत. आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांना १०,००० किमी किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते, असं अंतर दिलेलं असतं. धूळ, ट्रॅफिक, छोटे पल्ले असतील तर तेच निम्म्यावर येतं. वॉरंटी चालू असेल तर विषय इथंच संपला: तेल उत्तम टाका, पण बदल मॅन्युअलप्रमाणेच करा आणि बिलं जपून ठेवा.

आणखी एक गैरसमज आधीच काढून टाका. ०डब्ल्यू-२० मागणाऱ्या गाडीत कारखान्यातूनच सिंथेटिक वर्गातलं तेल येतं, आणि मॅन्युअलमधलं अंतर ते धरूनच ठरवलेलं असतं. तिथं ‘सिंथेटिक टाकलं, आता दुप्पट चालवू’ हा हिशेब लागूच होत नाही. खरा फायदा जुन्या गाडीला. मिनरल (साध्या खनिज) तेलावर दर ५,००० किमीला बदल होणारी, वॉरंटी संपलेली, जास्त करून हायवेवर पळणारी पेट्रोल गाडी ८,००० ते १०,००० पर्यंत न्यायला हरकत नाही. ज्या टर्बो इंजिनात टायमिंग बेल्ट तेलातच फिरतो, तिथं मात्र प्रयोग नको. चुकीच्या किंवा जुन्या तेलात त्या बेल्टचे तुकडे सुटतात, चेंबरमधल्या (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतल्या) जाळीत अडकतात आणि तेलाचा दाब बसतो.

आता स्वतःचा वापर मोजा, आणि तो किलोमीटरमध्ये नको, तासांमध्ये. डिस्प्लेवर सरासरी वेग दिसतो. किलोमीटरला त्यानं भागा. ताशी १८ च्या सरासरीनं शहरात १०,००० किमी झाले म्हणजे इंजिन साधारण ५५५ तास चाललं. ताशी ५० च्या सरासरीनं तेवढंच अंतर २०० तासांत होतं. ओडोमीटर दोघांना सारखाच आकडा दाखवतो, तेल मात्र पहिल्या गाडीत पावणेतीनपट राबलेलं असतं. रोज दोन-तीन किलोमीटरचीच फेरी असेल तर आणखी एक भानगड: तेल नीट तापतच नाही, त्यात उतरलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. ऑईलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळसर, लोण्यासारखा थर दिसला तर तो हाच. एखाद्या लांब फेरीनंतर पुसून पुन्हा बघा. थर पुन्हा धरत असेल तर कूलंटची पातळीही तपासा, आणि अंतर वाढवायचा बेत रद्द करा.

बीएस-६ डिझेलवाल्यांनी डिपस्टिकवर (तेलाची पातळी बघायच्या पट्टीवर) जास्तच लक्ष ठेवावं. डीपीएफमधली (धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीतली) काजळी जाळण्यासाठी जादा डिझेल सोडलं जातं. शहरात हे काम अर्धवट राहतं आणि न जळलेलं डिझेल तेलात उतरतं. तेलाची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसली तर आनंद मानू नका. तेल पातळ झालंय, बदला. अशा गाडीत डीपीएफला चालणारं, कमी राखेचं तेलच हवं. सीएनजीवाल्यांची फसगत उलटी होते: काजळी कमी, त्यामुळे तेल महिनोन्महिने मधासारखं स्वच्छ दिसतं, पण उष्णतेनं आतून शिजलेलं असतं. रंगावर जाऊ नका.

खरेदी: मॅन्युअलमध्ये असेल तेवढं तेल (छोट्या पेट्रोल गाडीत साधारण तीन ते साडेतीन लिटर) आणि वर घालायला त्याच प्रतीचा एक लिटर वेगळा. चांगल्या प्रतीचा ऑईल फिल्टर, ड्रेन प्लगचा नवा वॉशर आणि नवा एअर फिल्टर. अंतर वाढवायचं आणि फिल्टर स्वस्तातला घ्यायचा, हे जमत नाही. कागद भरला की बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं तेल बेअरिंगला जातं. ऊसतोडीच्या हंगामात कच्च्या रस्त्यानं धावणाऱ्या गाडीत तर एअर फिल्टर ऑईलइतकाच महत्त्वाचा. त्यातून निसटलेली धूळ पिस्टन रिंगा घासते. डब्याचं सील आणि बॅच नंबर तपासूनच घ्या. काम झाल्यावर तुम्हाला न लागणाऱ्या रिकाम्या डब्याला भोक पाडा, नाहीतर तो नकली माल भरून पुन्हा बाजारात येतो.

बदलताना इंजिन पाच-सात मिनिटं चालवून कोमट करा. गाडी सपाट जागी जॅकवर घेतली तरी स्टँड लावल्याशिवाय खाली शिरू नका. तेल पंधरा मिनिटं निथळू द्या. जुना फिल्टर काढला की त्याचं रबर फिल्टरलाच आहे ना, हे बोट फिरवून बघा. ते इंजिनाला चिकटून राहिलं आणि वर नवा फिल्टर बसवला, तर स्टार्ट केल्यावर मिनिटभरात सगळं तेल जमिनीवर येतं. नव्या फिल्टरच्या रबराला तेलाचं बोट लावा, टेकल्यावर हातानंच पाऊण फेरा द्या. पान्यानं आवळायचा असतो तो ड्रेन प्लग, आणि तोही मॅन्युअलमधल्या टॉर्कवरच. ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे एकदा गेले की खर्च वाढतो. ठरलेल्यापेक्षा अर्धा लिटर कमी तेल ओता, मिनिटभर इंजिन चालवा, दहा मिनिटं थांबा आणि मग डिपस्टिक बघत भर घाला. वरच्या खुणेच्या पुढे गेलं तर क्रँक तेल घुसळतो, फेस होतो.

वर्षानुवर्षं मिनरलवर चाललेल्या इंजिनात सिंथेटिकची पहिली भरती ३,००० किमीलाच काढा. साचलेला गाळ तिच्याबरोबर सुटू लागतो. इंजिन आतून धुवायच्या फ्लशच्या बाटलीच्या वाटेला न गेलेलं बरं. एखादं जुनं सील पाझरू लागलं तर ते आधीच गेलेलं होतं, गाळानं झाकलं होतं, इतकंच.

नंतर दर १,००० किमीला, सकाळी थंड इंजिनवर, डिपस्टिक बघून वहीत नोंद करा. हजाराला पाव लिटरच्या वर तेल संपत असेल तर अंतर वाढवायचं नाव काढू नका. जुनं अंतर भरलं की कोमट तेल निथळताना मधल्या धारेतून १०० मिली स्वच्छ बाटलीत धरा आणि प्रयोगशाळेत द्या. ३० ग्रेडच्या तेलाची विस्कॉसिटी (दाटपणा) १०० अंशांना ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या दरम्यान हवी. टीबीएन (तेलाची आम्ल मारायची ताकद) नव्या तेलाच्या निम्म्यावर आला असेल तर थांबा. सिलिकॉन वाढलं तर धूळ शिरतेय, लोखंड वाढलं तर झीज होतेय. सगळं ठीक असलं तरच पुढची भरती दीड-दोन हजारानं वाढवा, एकदम दुप्पट नको, आणि वर्ष ओलांडू नका. घरात एकच छोटी गाडी असेल तर चाचणीचा खर्च आधी विचारून घ्या. वाचणाऱ्या तेलापेक्षा तो जास्त निघू शकतो. टॅक्सी आणि ट्रॅव्हल्सवाल्यांना मात्र ती परवडते.

काढलेलं तेल गटारात किंवा मातीत नाही ओतायचं. कायद्यानं तो घातक कचरा आहे. डब्यात भरून, झाकण घट्ट लावून, जुनं तेल अधिकृत रिसायकलरकडे पाठवणाऱ्या गॅरेजमध्ये द्या.