विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांना न्याय मिळतोय असं वाटतं का, हे कसं विचारावं

‘इथं न्याय होतो का?’ असं थेट विचारलं की बहुतेक जण ‘ठीक आहे’ म्हणून मोकळे होतात. म्हणून प्रश्न फोडून विचारावा. वाट्याला आलं ते योग्य होतं का, ते ठरवायची पद्धत योग्य होती का, वरिष्ठ आदरानं वागले का, निर्णयाचं खरं कारण वेळेवर सांगितलं का. कामाच्या ठिकाणच्या न्यायाचे अभ्यासक जेसन कॉलक्विट यांची २००१ची २० प्रश्नांची मोजपट्टी याच चार भागांची आहे: पद्धत ७, वाटा ४, वागणूक ४, माहिती ५. उत्तरं १ ते ५ मध्ये. प्रश्न एका ठरावीक निर्णयाबद्दलच असावेत, उदाहरणार्थ परीक्षेच्या ड्युट्यांचं वाटप. नाहीतर प्रत्येकाच्या डोक्यात वेगळाच राग असतो.

बेळगावसारख्या मराठी-कन्नड दोन्ही भाषा असलेल्या ठिकाणच्या विद्यापीठात खरी अडचण भाषेची आणि नाव उघड होण्याची. आडनाव बघून कुणाला मराठी, कुणाला कन्नड फॉर्म देऊ नये. विभागात मराठी फॉर्म भरणारे दोघंच असले तर फॉर्मच त्यांची ओळख सांगतो. एकाच कागदावर कन्नड, मराठी आणि इंग्रजी प्रश्न एकाखाली एक छापावेत. एकानं भाषांतर केलं की मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याकडून ते उलट इंग्रजीत करून घ्यावं आणि ताडून पाहावं. ‘वरिष्ठांनी अनुचित शेरे मारणं टाळलं का?’ हा प्रश्न हमखास घोटाळा करतो: ‘टाळलं’ नजरेतून सुटतं आणि उत्तर उलटं पडतं. आधी आठ-दहा जणांकडून फॉर्म भरून घ्यावा. त्यात शिपाई आणि क्लार्कही हवेत.

फॉर्म विभागप्रमुखांच्या हातून गोळा करू नयेत. कुलूपबंद पेटी ग्रंथालयात ठेवावी. गूगल फॉर्म असेल तर ईमेल नोंदवणं बंद करावं.

कायम प्राध्यापक, गेस्ट लेक्चरर आणि कंत्राटी कर्मचारी यांची सरासरी एकत्र काढणं ही सगळ्यात मोठी चूक. माणूस आपला वाटा दुसऱ्याच्या वाट्याशी ताडून बघतो, हे मानसशास्त्रज्ञ जे. स्टेसी अ‍ॅडम्स यांनी १९६५ मध्येच मांडलं. तोच पेपर शिकवणारा कायम प्राध्यापक शेजारच्या वर्गात असतो, तेव्हा गेस्ट लेक्चररची तुलना त्याच्याशीच होणार. त्यामुळे गट वेगळे ठेवावेत, पण दहापेक्षा लहान गटाचे आकडे जाहीर करू नयेत. चारही भागांची सरासरी स्वतंत्र द्यावी. २० प्रश्नांची एकच बेरीज काही सांगत नाही.

माहितीचा भाग कमी आला तर सुधारणा तिथून सुरू करावी, कारण तिला जवळजवळ खर्च नाही. पुढच्या ड्युट्या लावण्याआधी निकष कन्नड आणि मराठीत नोटीस बोर्डावर लावावेत, हरकतींना आठ दिवस द्यावेत आणि प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्यावं.