कोयत्यानं धरलेलं कोपर असं सुटलं

ऊसतोडीच्या हंगामात बीडकडं ही तक्रार हमखास ऐकू येते: कोपराच्या बाहेरच्या हाडाजवळ ठणका, भरलेला तांब्या उचलतानाही कळ. दुखतं कोपर, पण कमी पडतात ते मनगट वर उचलणारे स्नायू. त्यांची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, त्याच हाडाला चिकटलेली असते. मूठ आवळली की मनगट स्थिर ठेवायला ताण त्यांच्यावरच येतो, म्हणून नुसता रबरी चेंडू दाबत बसल्यानं माझं दुखणं वाढलंच.

गुण आला तो वजन सावकाश खाली सोडण्यानं. खुर्चीवर बसून हात मांडीवर टेकवा, तळवा जमिनीकडं, मनगट गुडघ्याच्या पुढं मोकळं. हातात पाण्यानं भरलेली अर्ध्या लिटरची बाटली. दुसऱ्या हातानं मनगट वर आणा, मग आधार काढून पाच आकडे मोजत दुखऱ्या हातानंच खाली सोडा. 15 वेळा, असे 3 फेरे, दिवसाआड. बाटली धपकन खाली गेली तर स्नायूला कामच मिळत नाही. करताना हलकी कळ चालते. दुसऱ्या दिवशी सकाळी ठणका वाढला तर बाटली अर्धी रिकामी करा. आठवड्यात फरक शोधू नका, कंडरा सावरायला 6 ते 12 आठवडे लागतात.

कोयत्याची मूठही बघा. बारीक असेल तर जास्त आवळावी लागते. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली की पकड सैल ठेवता येते.

बोटांना मुंग्या येत असतील तर मात्र दुखणं वेगळं असू शकतं, आधी डॉक्टरांना दाखवा.