ग्लूइंग मशीन वापरताना या चुका टाळा: स्क्रू पिळण्याआधी ट्रेमध्ये बघा

कागदावर गोंद एकसारखा लागत नाही, अशी तक्रार आली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सकाळपासून स्क्रू किती वेळा फिरवलात? "एकदाही नाही" असं उत्तर क्वचितच मिळतं. पट्टे दिसले, पिळला स्क्रू. गोंद जास्त झाला, पिळला स्क्रू. ताव सुरकुतला, पुन्हा पिळला. दुपारपर्यंत मशीन कुठल्या मापावर चाललंय हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

मशीन तसं साधं असतं. ट्रेमधून फिरणारा रोलर गोंद उचलतो. त्याच्या शेजारी दुसरा रोलर किंवा डॉक्टर ब्लेड, म्हणजे जादा गोंद खरवडणारी पट्टी असते, त्या दोघांमधल्या फटीतून जेवढा गोंद सुटेल तेवढाच कागदाला लागतो. पुढे रोलरला चिकटलेला ताव सोडवणाऱ्या बारीक पट्ट्या. बस्स. यात स्क्रूने फट एकदा बसवली की सहसा हलत नाही. हलतो तो गोंद. ट्रेतलं पाणी उडतं, गोंद थंड होतो नाहीतर तापतो, त्यात कागदाची धूळ पडते, फेस होतो. बिघाड गोंदात आणि दुरुस्ती फटीची, असा उलटा कारभार सगळीकडे चालतो.

ट्रेमध्ये पाणी ओतणं

ही चूक माझी विशेष नावडती, कारण ती करताना प्रत्येकाला आपण फार हुशारी करतोय असं वाटत असतं. गोंद जाड वाटला की तांब्याभर पाणी ट्रेमध्ये, वर काडीने दोनदा ढवळलं की झालं!

नेहमीचा पांढरा गोंद, म्हणजे पीव्हीए, हा पाण्यात तरंगणाऱ्या पॉलिमरच्या बारीक कणांचा असतो. साधारण निम्मं त्यात आधीच पाणीच असतं. हे पाणी कागदात शिरलं आणि हवेत उडालं की कण एकमेकांना भिडतात आणि पापुद्रा तयार होतो, तीच चिकटण. तुम्ही पाणी वाढवलं की कण विरळ होतात, गोंद उशिरा धरतो आणि कागदाला जास्त पाणी प्यावं लागतं. मग ताव लाटांसारखा उठतो, कडा वळतात, चिकटवलेला भाग दाबातून काढला की सुटतो. इथे ऑपरेटरला वाटतं गोंद कमी पडला, म्हणून तो फट वाढवतो. आता पाणीही जास्त आणि थरही जाड.

गोंद खरंच जाड झाला आहे का, हे आधी बघा. बहुतेक वेळा तो फक्त गार असतो. रात्रभर थंड फरशीवर उभा असलेला ड्रम सकाळी जाडच वाटणार. मी ड्रम कधीच जमिनीवर ठेवत नाही, खाली लाकडी फळी असते, आणि लागणारा गोंद आदल्या संध्याकाळीच बादलीत काढून कामाच्या खोलीत आणून ठेवतो. गारठा फार असेल तर पीव्हीएचे कण नीट जुळतच नाहीत, गोंद खडूसारखा पांढरा वाळतो आणि नखाने खरवडला की पूड निघते. गोठून नासलेल्या पीव्हीएला तर काही इलाजच नसतो. तो फाटतो, आणि ढवळून पूर्ववत होत नाही.

पाणी घालायचंच असेल तर बादलीत, वजन करून, आणि शंभराला पाचापेक्षा जास्त नाही. हा माझा नियम. गोंदाच्या पिंपावर वेगळा आकडा छापलेला असेल तर तो पाळा. ढवळणं सावकाश, तळापासून. ड्रिलला पातं लावून घुसळणाऱ्यांनी पुढचा अर्धा दिवस फेस बसायची वाट बघण्याची तयारी ठेवावी, कारण तो फेस रोलरवरून जसाच्या तसा कागदावर जातो आणि वाळल्यावर सुईने टोचल्यासारखी भोकं दिसतात.

जाडी मापायला भोकाचा कप आणि घड्याळ पुरतं. कप भरायचा, धार तुटेपर्यंतचे सेकंद मोजायचे. पांढरा गोंद जाड असतो म्हणून मोठ्या भोकाचा कप घ्या. सेकंदांशेजारी गोंदाचं तापमानही लिहा, नाहीतर त्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. नवशिक्यांना हे कागदी घोडे वाटतात. त्यांना बोट बुडवून सांगता येतं म्हणे!

सरसाचा हिशेब वेगळा, तिथे पाणी घालावंच लागतं. सरस साधारण ६० अंश सेल्सिअसवर ठेवून चालवतात, त्यामुळे पाणी सतत उडत राहतं. उडालेलं पाणी तेवढंच, गरम करून, थोडं थोडं परत द्यायचं. गार पाण्याने गुठळ्या होतात. लवकर पातळ व्हावा म्हणून थर्मोस्टॅट वर चढवणारेही असतात. ७० अंशांच्या वर तासन् तास राहिलेल्या सरसातल्या जिलेटिनच्या साखळ्या तुटतात. तो मस्त पातळ होतो, मस्त पसरतो आणि चिकटत नाही. खळ शिजवतानाही अशीच घाई दिसते. मक्याचा स्टार्च ६२ ते ७२ अंशांच्या दरम्यान फुलतो. पूर्ण फुलण्याआधी उतरवलेली खळ दुधाळ दिसते आणि खाली साका बसतो. ती रोलरवर टाकू नका, परत शिजवा.

ट्रे न धुता गोंद बदलणं

पाकिटं तयार करणाऱ्या एका कारखान्यात घडलेली गोष्ट. तिथल्या मशीनवर नेहमी डेक्स्ट्रिनचा, म्हणजे स्टार्चपासून बनवलेला गोंद चाले. एकदा पुठ्ठ्याच्या फोल्डरचं काम आलं म्हणून त्यांनी पीव्हीए आणला, जुना गोंद निथळून घेतला, ट्रे फडक्याने पुसला आणि नवा ओतला. पहिले काही ताव ठीक गेले. मग रोलरवर दोन बोटं रुंदीचा कोरा पट्टा दिसू लागला. ऑपरेटरने स्क्रू पिळला, पट्टा सरकून दुसरीकडे गेला. त्याने ब्लेड दाबलं, तर आणखी दोन पट्टे. संध्याकाळी ट्रेमधून रबराच्या दोऱ्यांसारख्या गुठळ्या निघायला लागल्या. गोंदच खराब, असा निकाल देऊन ड्रम परत पाठवला. बदली ड्रम आला, त्याचंही तेच. मग मशीन बनवणाऱ्याला शिव्या सुरू झाल्या.

मला बोलावलं तेव्हा मी मशीनकडे न बघता आधी ड्रमचं झाकण उघडलं. गोंद रेशमासारखा, एक गुठळी नाही. म्हणजे जे काही होत होतं ते ट्रेमध्ये आल्यावर होत होतं. ट्रेच्या कोपऱ्यात जुना तपकिरी गोंद वाळून बसला होता. तो थोड्या कोमट पाण्यात भिजवला, ते पाणी कपात ताज्या पीव्हीएवर टाकलं आणि काडी फिरवली. काडीबरोबर सगळा गोळाच वर आला. बघणाऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे होते.

कारण जुनंच आहे. डेक्स्ट्रिनच्या बऱ्याच गोंदांत चिकटपणा वाढवायला बोरॅक्स, म्हणजे टाकणखार घालतात. आणि पीव्हीएचे कण पाण्यात सुटे राहावेत म्हणून त्यात बहुधा पॉलिव्हिनाइल अल्कोहोल असतं. या दोघांची गाठ पडली की बोरॅक्स त्या अल्कोहोलच्या साखळ्या एकमेकींना बांधतो आणि जेली होते. त्यासाठी बोरॅक्स फार लागत नाही, कोपऱ्यातला गाळ पुरतो.

ट्रे, रोलर, पट्ट्या सगळं सोडवून कोमट पाण्याने धुतलं. सुरू केलं, तासाभराने पुन्हा बारीक गुठळ्या! पंपाची नळी कोणी धुतलीच नव्हती. ती बाहेरून स्वच्छ दिसते ना. नळी बदलल्यावर विषय मिटला, पण एक नुकसान राहिलंच. ब्लेड इतकं दाबून चालवलं होतं की रोलरच्या रबरावर खोल रेघ उमटली होती, आणि ती प्रत्येक तावावर दिसत राहिली. रोलरला नवं रबर चढवावं लागलं. दोष बोरॅक्सचा होता, खर्च झाला तो स्क्रूमुळे.

माझी सवय अशी: जमेल तिथे प्रत्येक गोंदाचा ट्रे आणि नळी वेगळी, वर रंगाने नाव. ते परवडत नसेल तर धुण्याचं शेवटचं पाणी कपात घेऊन नव्या गोंदात मिसळून बघायचं. गाठ धरली तर पुन्हा धुवा.

पट्टा कुठला, ते वाचायला शिका

एकाच जागी सलग जाणारी फिकट रेघ म्हणजे ब्लेडखाली काहीतरी अडकलंय. लाकडी पट्टीने काढा. तोच डाग ठरावीक अंतराने येत असेल तर तो रोलरवरचा आहे. डागांमधलं अंतर मोजा: १० सेंटिमीटर व्यासाच्या रोलरचा डाग साधारण ३१ सेंटिमीटरवर परत येतो. मशीनमध्ये वेगवेगळ्या जाडीचे रोलर असतील तर या एका मापावरून गुन्हेगार सापडतो. एका बाजूला जाड आणि दुसरीकडे पातळ थर येत असेल तर फट समांतर नाही. अशा वेळी, आणि अशाच वेळी, स्क्रूला हात लावावा. तोही फीलर गेज, म्हणजे फट मापायच्या पातळ पात्या हातात घेऊन, मशीन थांबवून, दोन्ही टोकं मापून.

थर किती लागतोय हे डोळ्याने ठरवू नका. ए४ आकाराचा कागद जवळजवळ एक चौरस मीटरचा सोळावा भाग असतो. कोरा कागद तोला, गोंद लावा, लगेच परत तोला, फरकाला १६ ने गुणा. फरक ४ ग्रॅम आला तर चौरस मीटरला ६४ ग्रॅम ओला गोंद पडतोय. काम छान चाललेलं असताना हा आकडा काढून मशीनवर चिकटवून ठेवायचा. बिघडल्यावर काढलेला आकडा तुलना करायला काहीच नसल्यामुळे निरुपयोगी. काटा मात्र ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा हवा.

ग्रेन न बघता कापणं

पुठ्ठा पन्हाळीसारखा वाकला की दोष मशीनवर येतो. मशीनचा यात काही संबंध नसतो. कागदातले तंतू भिजल्यावर लांबीपेक्षा जाडीत कितीतरी जास्त फुगतात, म्हणून कागद ग्रेनच्या, म्हणजे तंतू ज्या दिशेला पडलेले असतात त्या दिशेच्या, आडवा वाढतो आणि वाळताना त्याच दिशेने आखडतो. वरचा कागद आखडताना पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. उपाय दोनच: पुठ्ठा, वरचा कागद आणि आतलं अस्तर या तिन्हींचा ग्रेन एकाच दिशेला ठेवायचा, आणि आतल्या बाजूलाही तितकंच ओढणारं अस्तर लावायचं. वह्या-पुस्तकांत ग्रेन पाठीच्या कण्याला समांतर हवा. दिशा कळायला तुकडा एका बाजूने ओला करा. तो ज्या अक्षाभोवती गुंडाळेल ती ग्रेनची दिशा. कागद वाचवायला आडवे तुकडे कापणारे लोक वाचवलेल्यापेक्षा जास्त रद्दीत घालतात, हे मी सांगून थकलो.

गोंद लावल्यावर ताव किती वेळ थांबवता तेही दर वेळी सारखंच हवं. एक ताव लगेच चिकटवला आणि दुसरा चहा पिऊन आल्यावर, तर दोघांची वाढ वेगळी असते आणि कडा जुळत नाहीत.

थोडक्यात उरकण्यासारख्या

रबराचा रोलर दुसऱ्यावर दाबून ठेवून रात्री घरी जाऊ नका, चपटा डाग पडतो आणि सकाळी ठक ठक आवाज येतो.

वाळलेला पीव्हीए चाकूने खरवडू नका. तो पाण्यात विरघळत नाही, पण कोमट पाण्यात भिजला की फुगतो आणि सोलून निघतो. ओलं फडकं रोलरवर टाकून जरा थांबायचं, एवढंच. थांबणं लोकांना जड जातं.

साध्या लोखंडाचा ट्रे पीव्हीएला वापरू नका. गोंद किंचित आम्ल असतो, गंज सुटतो आणि तपकिरी छटा कागदावर येते.

पंपाची परतीची नळी उंचावरून ट्रेमध्ये धार सोडत असेल तर तिचं टोक गोंदात बुडवा. फेस तिथूनच होतो.

चालू रोलरमध्ये अडकलेला ताव हाताने ओढू नका. दोन रोलर आत खेचतात त्या जागी बोट गेलं तर मशीन विचारत नाही. आधी बटण बंद, मग हात. रोलरवरची सुरक्षेची जाळी काढून ठेवणाऱ्याला मी त्या मशीनवर उभा राहू देत नाही.

आणि लॅमिनेशन केलेल्या पुठ्ठ्यावर पीव्हीए धरत नाही म्हणून थर वाढवणाऱ्यांसाठी: तो धरणारच नाही. दोन्ही बाजूंना प्लॅस्टिक असेल तर पाण्याला जायला वाटच नसते, गोंद मधे ओलाच राहतो आणि बोटाने ढकलला की घसरतो. जाड थराने तो फक्त आणखी उशिरा वाळतो. फिल्मसाठी बनवलेला वेगळा गोंद येतो, किंवा हॉटमेल्ट, म्हणजे वितळवून लावायचा गोंद. पण त्याहून सोपं म्हणजे काम छापखान्यात असतानाच सांगायचं की चिकटवण्याच्या पट्टीवर लॅमिनेशन आणि वार्निश दोन्ही नको. छापून आल्यावर ती पट्टी सँडपेपरने घासत बसावी लागते, आणि घासताना कडेची छपाईही जाते.