एप्रिल-मेमध्ये व्हरमाँटचे डोंगर चढायचेत?

बॉस्टन किंवा न्यू जर्सीहून अमेरिकेच्या ईशान्येकडच्या व्हरमाँट राज्यात ट्रेकचा बेत आखताय? मग आधी तिथल्या पायवाटांची देखभाल करणाऱ्या ग्रीन माउंटन क्लबच्या संकेतस्थळावर पायवाटांची स्थिती बघा. माउंट मॅन्सफील्ड (१,३३९ मीटर), कॅमल्स हंप अशा उंच ठिकाणच्या वाटा साधारण मध्य एप्रिलपासून मेअखेरच्या मेमोरियल डेच्या सुट्टीच्या सुमारापर्यंत बंद असतात. पायथ्याशी पालवी फुटलेली दिसते, वर मात्र बर्फ असतो. त्या पालवीवर भिस्त ठेवू नका.

भर पावसात सह्याद्री तुडवलेल्यांना हा उगाच बाऊ वाटेल. पण इथे वरचा थर वितळतो तेव्हा खालची जमीन अजून गोठलेली असते, त्यामुळे पाणी मुरतच नाही. बूट रुततो, खड्डा पडतो, त्यातून पाणी धावतं आणि वाट धुपते. त्याहून वाईट म्हणजे चिखल टाळायला लोक कडेने जातात. वाट रुंदावत जाते आणि कडेची रोपं चिरडली जातात. तेव्हा मध्येच चिखल लागला तर सरळ त्यातूनच चाला, बूट माखू द्या. सतत खोल ठसे उमटायला लागले, तर मागे फिरा.

कमी उंचीवरच्या, दक्षिण उताराच्या वाटा लवकर सुकतात. मुलं बरोबर असतील तर बर्लिंग्टनमधला शॅम्प्लेन सरोवराकाठचा चालण्या-सायकलिंगचा डांबरी मार्ग उत्तम. आणि हो, जीपीएसने कच्च्या रस्त्याचा शॉर्टकट सुचवला तर ऐकू नका. या दिवसांत तिथे गाड्याही रुततात.